प्रतिकूल घटना नोंदणी ॲप : प्रकल्प नोंदी, सांगली-मिरज, जून ते सप्टेंबर २०२४

१० जून २०२४, सोमवार

प्रकल्पाची व्याप्ती आज कागदावर आली. वॉर्डात, आयसीयूत किंवा तालुक्याच्या आरोग्य केंद्रात औषधाची रिॲक्शन आली, चुकीचा डोस गेला, जाता जाता थांबला, किंवा रुग्ण पलंगावरून पडला, तर तिथल्या सिस्टरला अथवा डॉक्टरला ती घटना मोबाईलवर नोंदवता यावी आणि ती योग्य जागी पोचावी, एवढेच काम आमच्या छोट्या गटाने अंगावर घेतले आहे. सहभागी रुग्णालयांची नावे या नोंदींत येणार नाहीत, असे पहिल्याच बैठकीत ठरले.

बैठकीत एका ज्येष्ठ फिजिशियनांनी रास्त प्रश्न विचारला : सरकारी व्यवस्था असताना आणखी एक ॲप कशाला? औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे समन्वय केंद्र आधी दिल्लीच्या एम्समध्ये होते आणि एप्रिल २०११ पासून ते गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. छापील फॉर्म आहे, ऑनलाइन नोंदणी आहे, १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक आहे, आणि इथून गेलेल्या नोंदी पुढे स्वीडनमधील उप्साला येथल्या जागतिक साठ्यात जमा होतात. ही व्यवस्था दुसऱ्यांदा उभारण्याचे काहीच कारण नाही. पण ती औषधाच्या परिणामासाठी आहे. चुकीच्या रुग्णाला गेलेले इंजेक्शन, उलटी वाचलेली डोसची खूण किंवा बाथरूममध्ये घसरलेली आजी यांची जागा रुग्णालयाच्या स्वतःच्या समितीकडे असते, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला यातले काय कुठे कळवायचे हे पाठ असावे अशी अपेक्षा करणे अव्यवहार्य आहे. ती वाटणी ॲपने करावी आणि सिस्टरने फक्त घडले ते सांगावे, हे आमचे उत्तर त्यांनी मान्य केले. मात्र एक अट घातली : “कळवणाऱ्याला परत काय मिळणार, ते आधी लिहा. फॉर्म नंतर करा.” ही अट फॉर्मच्या आराखड्याच्या वर, पहिल्या ओळीत लिहून ठेवली आहे.

१८ जून, मंगळवार

पहिल्या पडद्यावर काय विचारायचे, यावर दिवस गेला. औषधाच्या संशयित दुष्परिणामाची नोंद ग्राह्य ठरायला किमान चार गोष्टी लागतात : ओळखता येईल असा रुग्ण (नाव नव्हे, आद्याक्षरे आणि वय पुरते), काय झाले, कोणत्या औषधाचा संशय आहे, आणि कळवणारा कोण. छापील फॉर्ममध्ये याखेरीज बरेच रकाने आहेत आणि ते निरर्थक मुळीच नाहीत; यकृताचा आजार, आधीची ॲलर्जी, सोबतची औषधे हे सारे कारण ठरवताना लागते. पण ते रात्री दोन वाजता लागत नाही. म्हणून पहिल्या पडद्यावर चारच गोष्टी, आणि उरलेले रकाने दुसऱ्या दिवशी क्लिनिकल फार्मासिस्टने केस पेपर समोर ठेवून भरायचे, असा निर्णय झाला.

घटनेचा प्रकारही सिस्टरने निवडायचा नाही. संशय औषधाचा असेल तर नोंद औषध-सतर्कतेच्या, म्हणजे दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या, मार्गाने जाते. इन्फ्युजन पंप किंवा कॅथेटरसारख्या उपकरणाचा असेल तर २०१५ साली सुरू झालेल्या वैद्यकीय उपकरणांच्या कार्यक्रमाकडे, आणि रक्त चढवताना थंडी वाजून ताप भरला असेल तर २०१२ पासून चालू असलेल्या रक्तसंक्रमणाच्या कार्यक्रमाकडे. बाकी सारे रुग्णालयाच्या समितीकडे. ‘कोणाची चूक’ हा रकाना एका सदस्याने सुचवला होता. तो आराखड्यातून काढला आहे आणि पुन्हा येणार नाही.

१ जुलै, सोमवार

भारतीय न्याय संहिता आजपासून लागू झाली आणि वॉर्डात दिवसभर दुसरा विषय नव्हता. कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीकृत डॉक्टरने वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास ती मर्यादा दोन वर्षे आहे, दंड वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घ्यावे असे सांगून ठेवले आहे, हे निवासी डॉक्टरांना साधारण ठाऊक असते. सिस्टरला त्यातले काहीच ठाऊक नसते; तिला मेमो ठाऊक असतो. एका स्टाफ नर्सने सरळ विचारले, “मी स्वतःहून लिहून दिलं आणि उद्या तेच माझ्यापुढं ठेवलं तर?” या प्रश्नाला टाळून ॲप बांधले तर ते मेमोच्या भीतीनेच रिकामे राहील.

त्यामुळे नावाचा प्रश्न आजच सोडवायला घेतला. औषधाच्या रिॲक्शनच्या नोंदीत कळवणाऱ्याचे नाव असावेच लागते. मात्र ती नोंद देणे म्हणजे कोणा कर्मचाऱ्याने, उत्पादकाने किंवा औषधाने ती घटना घडवली असे कबूल करणे नव्हे, हे राष्ट्रीय फॉर्मवरच छापलेले आहे. ते वाक्य आम्ही मराठीत, ‘पाठवा’ या बटणाच्या अगदी वर, नेहमीच्या अक्षरांएवढ्याच अक्षरांत ठेवले आहे. चुकीच्या आणि टळलेल्या घटनांसाठी मात्र नाव ऐच्छिक राहील. समितीतील काही जणांना पूर्ण निनावी नोंद नको होती, कारण मग पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा? त्यावर तोडगा असा : नाव दिल्यास ते घटनेपासून वेगळे, कुलूपबंद साठवले जाईल, समितीच्या एकाच समन्वयकाला दिसेल आणि चौकशी संपल्यावर पुसले जाईल.

तरीही एक भोक उरते, आणि ते तांत्रिक नाही. ज्या वॉर्डात रात्री दोनच सिस्टर असतात तिथे ‘रात्री ३.१०’ एवढे छापले की नाव छापल्यासारखेच झाले. म्हणून समितीपुढे जाणाऱ्या तक्त्यात वेळ दिसणार नाही, पाळीही दिसणार नाही. फक्त महिना आणि विभाग दिसेल, आणि छोटे विभाग एकत्र केले जातील. वैयक्तिक मोबाईलऐवजी वॉर्डच्या सामायिक टॅबवरून नोंद करण्याची सोयही याच कारणासाठी ठेवत आहोत.

११ जुलै, गुरुवार

चाचणी आवृत्तीत ‘औषध कधी सुरू केले’ या रकान्यात गेल्या सात दिवसांचेच कॅलेंडर उघडत होते. क्लिनिकल फार्मासिस्ट मॅडमनी ते पाहताच मेफेनॅमिक ॲसिडची आठवण करून दिली. मासिक पाळीच्या दुखण्यासाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या या गोळीबाबत इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता. पुरळ, ताप, सुजलेल्या गाठी, रक्तातल्या वाढलेल्या इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी आणि यकृतासारख्या अवयवांवर परिणाम, अशा ज्या गंभीर प्रतिक्रियेला डॉक्टर ‘ड्रेस’ म्हणतात तिच्याकडे लक्ष ठेवा, असे त्यात होते. ही प्रतिक्रिया औषध सुरू केल्यापासून साधारण दोन ते आठ आठवड्यांनी येते. म्हणजे आमच्या कॅलेंडरने खरी गोळी पडद्यामागे ठेवली असती आणि काल दिलेल्या निरपराध अँटिबायोटिकवर बोट ठेवायला लावले असते.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. जत, कवठेमहांकाळ किंवा सीमेपलीकडच्या अथणीचा रुग्ण मिरजेत तपासून जातो, औषधे घेऊन गावी परततो, आणि महिन्याभराने अंगावर पुरळ आले की गावच्या दवाखान्यात जातो. तिथल्या डॉक्टरांना मिरजेची चिठ्ठी दिसतेच असे नाही. फेफऱ्यासाठी दिलेल्या फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनबाबत हे विशेष जपावे लागते, कारण त्यांच्यामुळे होणारा त्वचेचा गंभीर आजार पहिल्या काही आठवड्यांतच उद्भवतो. कॅलेंडर आता तीन महिने मागे जाते, आणि ‘दुसऱ्या डॉक्टरांनी किंवा मेडिकल दुकानातून घेतलेले औषध’ असा वेगळा प्रश्न जोडला आहे.

२६ जुलै, शुक्रवार

कृष्णेचे पाणी चढते आहे आणि आयर्विन पुलाकडच्या पातळीचे आकडे सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत आहेत. २०१९ चा पूर पाहिलेल्या माणसांना समजावण्याची गरज नसते. नेटवर्क गेल्यावर नोंद कुठे राहील, हा प्रश्न त्यांनीच काढला. नोंद आधी फोनमध्ये सांकेतिक रूपात साठते आणि जोडणी आल्यावर पुढे जाते, हे आज विमान मोडवर तपासले; नोंदी क्रमाने आणि एकदाच गेल्या. पुरळाचा फोटो ॲपच्या आतल्या कॅमेऱ्याने काढला जातो आणि गॅलरीत उतरत नाही. गॅलरीत उतरलेला फोटो व्हॉट्सॲपवर जायला वेळ लागत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

उद्या नागपंचमी, म्हणून आजच शिराळा तालुक्यात एका आरोग्य केंद्रावर चाचणीसाठी गेलो. न्यायालयाच्या बंदीनंतर बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजा थांबली, पण पावसाळ्यातले सर्पदंश पंचमीची वाट पाहत नाहीत. भातखाचरात आणि उसात काम करणाऱ्यांचे ते रोजचे संकट आहे. केंद्र सरकारने यंदा मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे, तेव्हा तालुका पातळीवर प्रतिविषाचा वापर वाढणार हे उघड आहे.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारे आपले प्रतिविष घोड्याच्या रक्तातून बनते, आणि ते देताना रिॲक्शन येणे ही तिथल्या कर्मचाऱ्यांच्या लेखी बातमीच नाही. दहा व्हायल (औषधाच्या कुप्या) सलाईनमधून सोडायच्या, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली किंवा धाप लागली की सलाईन थांबवायचे, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत द्यायचे आणि सावरल्यावर पुन्हा सुरू करायचे : हे काम इथल्या सिस्टर इतक्या सराईतपणे करतात की शहरातल्या एखाद्या निवासी डॉक्टरने येऊन शिकावे. पण कळवायचे का, असे विचारल्यावर उत्तर आले, “हे तर होतंच की सर. त्यात कळवायचं काय?”

माझ्या मते या प्रकल्पातले सर्वांत अवघड वाक्य हेच आहे. माहीत असलेली रिॲक्शन कळवण्याजोगी वाटत नाही, आणि नेमक्या त्याच नोंदींतून एका बॅचमध्ये, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या साठ्यात, ती नेहमीपेक्षा जास्त येते का हे कळू शकते. एका केंद्रावर महिन्यात दोन-चार रुग्ण. तिथे बसून कोणालाही फरक दिसणार नाही. शेजारच्या पाच केंद्रांच्या नोंदी बॅच क्रमांकासह एकत्र ठेवल्या तर दिसेल. हे आम्ही तिथल्या मेडिकल ऑफिसरांना फलकावर दोन काल्पनिक बॅच लिहून दाखवले आणि त्यांना ते तत्काळ पटले. त्यांनी एक भर घातली : रुग्ण घरी गेल्यावर आठवड्याभराने ताप, सांधेदुखी आणि पुरळ घेऊन येतो तेव्हा कोणी त्याचा संबंध प्रतिविषाशी जोडत नाही, आणि ‘व्हायरल’ म्हणून गोळ्या दिल्या जातात. प्रतिविष दिल्याची नोंद असेल तर ॲपने सात आणि चौदा दिवसांनी आशा ताईंकडून चौकशी करण्याची आठवण द्यावी, ही त्यांची सूचना. स्वीकारली. आठवणीच्या संदेशात रुग्णाचे नाव किंवा औषध बंद पडद्यावर दिसणार नाही, याची काळजी घ्यायची आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार

कोलकात्यातील रुग्णालयात तरुण महिला डॉक्टरवर झालेल्या बलात्कार व हत्येच्या निषेधार्थ इंडियन मेडिकल असोसिएशनने आज सकाळपासून चोवीस तासांचा बंद पुकारला आहे. तातडीची सेवा वगळता सारे थांबले आहे आणि आमची मिरजेची भेट पुढे ढकलली.

घरी बसून डोस मोजणाऱ्या भागाचा निर्णय लावला. वजन टाकले की डोस सांगणारा गणक ॲपमध्ये असावा, अशी तरुण डॉक्टरांची मागणी आहे. परंतु फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२० पासून निदान वा उपचारासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येते, आणि मग २०१७ च्या नियमांप्रमाणे वर्गवारी, परवाना आणि पडताळणी ओघाने येते. ती शिस्त योग्यच आहे. चुकीचा डोस सांगणारे ॲप हीच एक प्रतिकूल घटना ठरेल. आमचे ॲप घडलेले नोंदवते, काय करावे हे सांगत नाही. गणक नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

बॅच क्रमांक टाइप करायला कोणी तयार नाही, हे चाचणीत स्पष्ट झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे आणि त्यात नाव, बॅच, उत्पादनाची व मुदतीची तारीख हे सारे असते. तो वाचण्याची सोय केली. कागदावर हे फार देखणे दिसते. प्रत्यक्षात कोड बहुधा खोक्यावर असतो, खोके स्टोअरमध्ये राहते, आणि वॉर्डात इंडेंटप्रमाणे (मागणीच्या चिठ्ठीप्रमाणे) सुटी व्हायल किंवा कापलेली पट्टी येते. पट्टीच्या एका टोकाला छापलेली बॅच आणि मुदत पहिल्या चार गोळ्यांबरोबरच निघून गेलेली असते.

त्यामुळे वाट बदलली. औषध वॉर्डाला देताना स्टोअरच्या फार्मासिस्टने बॅच एकदा नोंदवायची, आणि सिस्टरने औषधाचे नाव निवडताच त्या वॉर्डाला शेवटच्या दिलेल्या बॅच समोर याव्यात. खात्री नसल्यास ‘नक्की माहीत नाही’ हा पर्याय राहील. बॅच अंदाजाने भरून आलेली नोंद कोऱ्या रकान्यापेक्षा जास्त नुकसान करते.

१० सप्टेंबर, मंगळवार

टळलेल्या घटनांच्या नोंदी पहिल्यांदाच रिॲक्शनच्या नोंदींपेक्षा जास्त आल्या आणि त्यांत एकच गोष्ट वेगवेगळ्या वॉर्डांतून पुन्हा पुन्हा आली : इन्शुलिन.

आपल्याकडे नेहमीच्या मानवी इन्शुलिनच्या व्हायलमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि इन्शुलिन टोचण्याच्या पेनमधल्या काडतुसात १००. सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. १०० युनिटचे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर अर्धा मिलिलिटर भरतो, म्हणजे रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट केले तर २० ऐवजी ८. पहिल्या चुकीने साखर धोकादायक उतरते. दुसरीने ती उतरत नाही, मग डॉक्टर डोस वाढवतात, आणि रुग्ण घरी जाऊन योग्य सिरिंजने तोच वाढवलेला डोस घेतो. दुसरी चूक मला जास्त भयंकर वाटते, कारण तिचा फटका रुग्णालयाबाहेर बसतो आणि ती कुठेही नोंदली जात नाही.

नोंदींच्या मोकळ्या मजकुरात कारण सिस्टरनीच लिहिले होते. पेनची सुई संपली की काडतुसातून सिरिंजने इन्शुलिन ओढले जाते; आणि ट्रॉलीच्या एकाच ट्रेमध्ये दोन्ही टोपणांच्या सिरिंज असतात. एकीने लिहिले : “रात्री ट्यूबलाइट लांब आहे, लाल आणि केशरी सारखंच दिसतं.” सुरक्षेवरची व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत, त्यांतल्या कोणी ट्यूबलाइटपर्यंत पोचल्याचे आठवत नाही. ज्या माणसाला चूक करताना स्वतःला थांबवावे लागले त्यालाच ट्रे कुठे आणि दिवा कुठे हे ठाऊक असते, आणि ‘कोणाची चूक’ हा रकाना असता तर ही ओळ आली नसती.

समितीची तातडीची बैठक झाली. वॉर्डात ठेवायच्या सिरिंज एकाच प्रकारच्या करता येतील का, हे खरेदी विभाग पाहणार आहे. तोपर्यंत दोन ट्रे वेगळे, पेनच्या सुयांचा साठा वॉर्डातच, आणि काडतुसातून सिरिंजने ओढणे बंद. डिस्चार्ज देताना रुग्णाची स्वतःची सिरिंज आणि व्हायल एकत्र पाहण्याची जबाबदारी फार्मासिस्टकडे दिली आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज जागतिक रुग्ण सुरक्षा दिन, राष्ट्रीय औषध-सतर्कता सप्ताहाचा पहिला दिवस आणि अनंत चतुर्दशी हे सारे एकाच तारखेला आले. पोस्टर लावण्याचा कार्यक्रम विसर्जनामुळे सकाळीच उरकला. यंदाच्या दिनाचा विषय निदानातील सुरक्षितता हा आहे. उशिरा झालेले निदान ॲपमध्ये कसे नोंदवावे, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. पण तशी घटना एका क्षणात घडत नाही, आणि आमच्या चार प्रश्नांत ती बसत नाही. या आवृत्तीत तिला हात लावायचा नाही.

परतीचे संदेश आज पहिल्यांदा गेले. ज्यांनी इन्शुलिनची घटना नोंदवली होती त्या प्रत्येकीच्या ॲपमध्ये समितीने काय ठरवले आणि काय अजून झालेले नाही, हे चार ओळींत पोचले; नाव न देता आलेल्या नोंदींचे उत्तर पावती क्रमांक टाकून पाहता येते. मेट्रन मॅडमनी हँडओव्हरच्या वेळी तो संदेश वाचून दाखवला. “लिहिल्यावर उत्तर आलं, हे पहिल्यांदाच,” असे एक वयस्क ब्रदर म्हणाले. ज्येष्ठ फिजिशियनांना जूनमधली अट आठवत होती. त्यांनी पुढचा प्रश्न लगेच टाकला, की सिरिंजचा निर्णय खरेदीत अडकला तर तेही कळवणार का? कळवणार.

२६ सप्टेंबर, गुरुवार

पुढच्या आवृत्तीची कामे ठरली. रिॲक्शनचा औषधाशी संबंध ‘निश्चित’, ‘बहुधा’, ‘शक्य’ की ‘शक्यता कमी’, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीची प्रतवारी ॲपने सुचवावी, असा आग्रह होता. ती समितीतील डॉक्टर आणि फार्मासिस्ट केस पेपर पाहूनच करतील. सिस्टरने संशय पुरेसा मानावा. प्रतिविषासाठी सात आणि चौदा दिवसांची आठवण शिराळ्यातील केंद्रावर सुरू झाली असून आशा ताईंच्या फोनमध्ये ती बसवण्याचे काम सोमवारी आहे. खरेदी विभागाने एकाच प्रकारच्या सिरिंजसाठी दरपत्रके मागवली आहेत. निर्णय बाकी आहे, आणि तो बाकी असल्याचा संदेश आज दुपारी वॉर्डांना पाठवला.